लढायची जागा

परवा चार फेब्रुवारीला नातीला घेऊन उमरठला जाऊन आलो. पोलादपूरहून ढवळ्याच्या, म्हणजे चंद्रगडाच्या अंगाला जो रस्ता जातो, त्या रस्त्यावर हे गाव आहे. तानाजी मालुसऱ्यांची समाधी तिथं आहे, शेजारी शेलारमामांची. आमच्या भागातल्या प्रत्येक मास्तराने आयुष्यात एकदा तरी चौथीच्या पोरांची सहल उमरठला नेलेली असते. मी तर किती नेल्या त्याचा हिशेबच नाही.

नात पुण्याची. अकरावीत आहे. एन.डी.ए.ची परीक्षा द्यायची म्हणते. २०२२ पासून तिथं मुलींनाही घेतात, हे तिनेच मला सांगितलं. समाधीपुढे हात जोडून झाले आणि ती म्हणाली, "आजोबा, तानाजी त्या रात्री जिवंत परत आले असते, तर आपण इथं आलो असतो का?"

आता काय सांगायचं? चाळीसएक वर्षं मास्तरकी केली म्हणून प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतंच असं नाही. मी आपलं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण परतीच्या वाटेवर गाडीत तोच प्रश्न डोक्यात होता. आपल्याकडे शिपाई मोठा होतो तो मेल्यावर. जो परत येतो, तो नुसता परत येतो. आणि जो कागदावर हिशेब मांडून सांगतो की ही लढाई इथं देऊ नका, त्याचं तर नावही कुणाला ठाऊक नसतं.

अशी दोन माणसं मला त्या दिवशी आठवली. एक माझ्या घरातला, दुसरा कोल्हापूरकडचा एक जनरल. दोघांची कधी गाठ पडली नाही. पण दोघांचं दुखणं एकच होतं, हे मला फार उशिरा कळलं.

आधी घरातल्याचं सांगतो. माझा चुलतभाऊ. आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो. फौजेत ड्रायव्हर होता. आमच्या महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात फौजेत जाणं काही नवलाचं नाही. महाड तालुक्यात एका गावाचं नावच फौजी अंबवडे आहे! तर १९६२ साली दादा नेफामध्ये होता. नेफा म्हणजे आजचा अरुणाचल प्रदेश. मी तेव्हा बारा वर्षांचा. चीनने हल्ला केला, शाळेत संरक्षण निधीसाठी पैसे गोळा झाले, गावातल्या बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले. यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं मोठी माणसं अभिमानाने बोलायची. हे सगळं मला लख्ख आठवतं. दादाचं पत्र मात्र दोन महिने नव्हतं. काकू रोज पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसायची.

दादा आला. धडधाकट आला. पण लढाईबद्दल चकार शब्द बोलायचा नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर एवढंच म्हणायचा, "रस्ता नव्हता हो. गाडी जाईल तिथवर गेलो, पुढं रस्ताच नव्हता."

पुढे मी मास्तर झालो. एकदा सव्वीस जानेवारीला शाळेत दादाला पाहुणा म्हणून बोलावलं. पोरांनी तानाजीचं नाटुकलं बसवलं होतं. तानाजी पडतो, मावळे पळायला लागतात, सूर्याजी कड्यावरचे दोर कापून टाकतो आणि मावळ्यांना ओरडून सांगतो की आता पळायला वाट नाही. टाळ्या पडल्या. मी वळून पाहिलं तर दादाची खुर्ची रिकामी. तो मागच्या मागे निघून गेला होता.

संध्याकाळी घरी गेलो. म्हटलं, दादा, काही चुकलं का आमचं? बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाळ, आम्हाला मागं फिरायचा हुकूम आला होता. आम्ही पळालो नाही. पण हे कुणाला सांगत बसू? लोकांना एवढंच ठाऊक आहे की चिनी पुढं आले आणि आम्ही मागं आलो."

त्या नाटुकल्याचा लेखक मीच होतो. त्यानंतर ते कधी बसवलं नाही. पण दादाला द्यायला माझ्याकडे उत्तरही नव्हतं. ते निवृत्तीनंतर सापडलं, जनरल थोरातांचं आत्मचरित्र वाचताना. तोवर दादा गेला होता.

तर आता या जनरलसाहेबांविषयी.

लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. फौजेत एस. पी. पी. थोरात. जन्म १९०६ चा, कोल्हापूर भागातला. इंग्लंडमध्ये सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात शिकून १९२६ साली अधिकारी झाले. त्या काळी हिंदी मुलाला तिथं जागा मिळणं म्हणजे लाखात एकाचं नशीब. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातल्या अराकान किनाऱ्यावर, कांगॉ या ठिकाणी, जानेवारी १९४५ मध्ये जपान्यांशी घनघोर लढाई झाली. त्या ब्रिगेडच्या तीन पलटणींचे प्रमुख तिघेही हिंदी होते. थिमय्या, थोरात आणि एल. पी. सेन. तिघांनाही डी.एस.ओ. हा मोठा सन्मान मिळाला. ही तीन नावं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

म्हणजे थोरातांना लढता येत नव्हतं म्हणून ते कागद लिहीत बसले, असं कुणी म्हणायची सोय नाही.

पण त्यांचं मला सगळ्यात भावलेलं काम आहे ते कोरियातलं, जिथं त्यांना जाणूनबुजून लढायचं नव्हतं. कोरियाचं युद्ध २७ जुलै १९५३ ला थांबलं. पण एक प्रश्न उरला. संयुक्त राष्ट्रांच्या बाजूकडे असे जवळजवळ २२,६०० चिनी आणि उत्तर कोरियन कैदी होते, जे म्हणत होते की आम्हाला मायदेशी जायचं नाही. पलीकडच्या बाजूकडे असेच ३५९ होते, त्यात २३ अमेरिकन. ते खरंच मनाने नको म्हणतात की कुणाच्या दडपणाखाली? दोन्ही बाजूंचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. तेव्हा पाच देशांचा एक तटस्थ आयोग नेमला. भारत, स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया. अध्यक्ष आपले जनरल थिमय्या. आणि या कैद्यांना प्रत्यक्ष सांभाळायला गेलेल्या भारतीय फौजेचे प्रमुख होते मेजर जनरल थोरात.

काम किती विचित्र होतं पाहा. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांना भारतीय डोळ्यांसमोर नको होते. आपल्या भूमीवर भारतीय सैनिकाचं पाऊल पडू देणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. म्हणून आपल्या जवानांना इंचॉन बंदरातल्या जहाजांवरून अमेरिकन हेलिकॉप्टरांनी उचलून थेट दोन्ही फौजांमधल्या मोकळ्या पट्ट्यात नेऊन उतरवलं. तिथं तंबूंची वस्ती उभी राहिली, तिचं नाव हिंद नगर. कैदी काटेरी तारांच्या कुंपणांत, पण आतून कडक संघटना असलेले. म्होरके सांगतील ते करायचं, कुणी घरी जायचं नाव काढलं तर त्याची धडगत नाही.

सप्टेंबर १९५३ मध्ये चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल नावाच्या आपल्या अधिकाऱ्याला कुंपणाच्या आत ओढून नेलं. बाहेर भारतीय जवान बंदुका रोखून उभे. गोळी चालवली असती तर आत मोठी कत्तल झाली असती आणि ग्रेवालही वाचले नसते. त्या दिवशी युद्धबंदीचं काय झालं असतं, कोण सांगू शकणार? थोरात काही अधिकाऱ्यांबरोबर, हत्याराशिवाय, त्या गराड्यात शिरले. आत जाण्याआधी मागच्यांना बजावून गेले की आमच्यावर घाला आला, तर आम्ही आत आहोत याचा विचार न करता गोळीबार करा. आत शेकडो माणसं घोषणा देत, अंगावर येत होती. तिथं या माणसाने म्होरक्यांना काय सुनावलं, तर आमच्या देशात दाराशी आलेल्या पाहुण्याला असं ताटकळत ठेवत नाहीत, निदान चहा-सिगरेट तरी विचारतात! वातावरण एकदम सैल झालं. बोलणी झाली. ग्रेवाल सुटले.

हा प्रसंग वाचताना मला आमच्या गावच्या जुन्या पाटलाची आठवण झाली. दोन वाड्या कुऱ्हाडी घेऊन उभ्या ठाकल्या की ते मधे जाऊन आधी पाणी मागायचे. पाणी देणाऱ्याच्या हातातली कुऱ्हाड खाली ठेवावीच लागते ना!

सगळंच काही असं गोड झालं नाही, हेही सांगायला हवं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला दंगे झाले, पहारेकऱ्यांना गोळीबार करावा लागला आणि काही कैदी मेले. दोन्ही बाजूंनी भारतावर पक्षपाताचे आरोप केले. घरी परतायला राजी झाले ते सहाशेच्या आसपास. जानेवारी १९५४ मध्ये उरलेल्यांना ज्या बाजूने सोपवलं होतं त्याच बाजूच्या हवाली केलं. आणि ८८ माणसं अशी निघाली की ज्यांना दोन्हीकडचं काहीच नको होतं. ती आपल्या फौजेबरोबर जहाजाने भारतात आली! या कामगिरीबद्दल थोरातांना तेव्हाचं अशोकचक्र वर्ग दोन, म्हणजे आताचं कीर्तिचक्र मिळालं. शत्रूला मारल्याबद्दल मिळतात ती पदकं वेगळी. हे परक्यांच्या भांडणात मधे उभं राहिल्याबद्दलचं होतं.

आता दुसरा भाग. १९५७ साली थोरात पूर्व विभागाचे सेनापती झाले. मुख्यालय तेव्हा लखनौला होतं. त्याच वर्षी थिमय्या सरसेनापती झाले. नेफाची सीमा पूर्व विभागात येत होती, पण तिच्यावर पहारा असायचा आसाम रायफल्सचा. ऑगस्ट १९५९ मध्ये लोंगजू इथं चिन्यांशी चकमक झाली आणि मग ती सीमा फौजेकडे सोपवली गेली. म्हणजे जबाबदारी एका रात्रीत आली. रस्ते, तोफा, माणसं काही एका रात्रीत येत नाहीत.

थोरातांनी काय केलं? नकाशा समोर घेतला आणि हिशेब मांडला. चिनी किती येतील, कुठून येतील, किती दिवसांत कुठवर पोहोचतील. आपल्याकडे काय आहे, काय नाही. ऑक्टोबर १९५९ मध्ये हा कागद त्यांनी दिल्लीला पाठवला. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किल्ला' नावाचा युद्धाभ्यास घेऊन वरिष्ठ अधिकाऱ्यांपुढे तेच सगळं मांडून दाखवलं.

त्या कागदाचं सार माझ्यासारख्या बिगरफौजी माणसालाही समजेल इतकं सरळ होतं. मॅकमहोन रेषा डोंगरमाथ्यावरून जाते. चिन्यांना तिबेटच्या पठारावरून तिथवर येणं सोपं आहे. आपल्याला आसामच्या मैदानातून तिथवर चढणं महाकठीण आहे, कारण रस्ताच नाही. म्हणून रेषेवर फक्त छोट्या चौक्या ठेवा. शत्रू आला की त्यांनी घंटा वाजवावी आणि थोडी अडवणूक करून मागं यावं. खरी लढाई द्यायची ती बरीच दक्षिणेला, जिथवर आपली रसद पोहोचते. तिथवर येईपर्यंत चिन्यांची रसद लांबलेली असेल, दमछाक झालेली असेल. मग ठोका.

थिमय्यांना हे पटलं. त्यांनी तो कागद संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यापुढे ठेवला. थोरातांनी आत्मचरित्रात लिहिलंय की मेनन यांनी ही सगळी भीती धुडकावून लावली. चीनशी युद्ध होणार नाही, जे काही आहे ते आपण वाटाघाटींत पाहून घेऊ, असा त्यांचा सूर होता. कागद फडताळात गेला.

१९६१ च्या मे महिन्यात थिमय्या आणि थोरात दोघेही निवृत्त झाले. आपल्यामागे थोरात सरसेनापती व्हावेत, अशी थिमय्यांची शिफारस होती. सरकारने थापर यांना नेमलं. थोरातांच्या जागी पूर्व विभागात आले ते एल. पी. सेन. कांगॉचे तिसरे. माणसं तीच, ओळखी तशाच जुन्या. पण पुढे झालं ते त्या कागदाच्या नेमकं उलटं. रेषेच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जाऊन चौक्या रोवायच्या, असं धोरण ठरलं.

२० ऑक्टोबर १९६२. नामका चू नावाच्या नदीकाठी, खोल दरीत, आपली एक अख्खी ब्रिगेड बसवलेली होती. समोरच्या उंच धारेवर चिनी. आपल्या जवानांच्या अंगात सुती कपडे, पायात कॅनव्हासचे बूट, जवळ माणशी पन्नास-एक काडतुसं. पुरवठा विमानातून टाकायचा आणि त्यातला कितीतरी दऱ्यांत नाहीसा व्हायचा. ती ब्रिगेड त्या एका दिवसात मोडली. तिचे प्रमुख ब्रिगेडियर जॉन दळवी पकडले गेले. चारपाच दिवसांत तवांग गेलं. नोव्हेंबरच्या अठरा-एकोणीसपर्यंत से ला आणि बोमडिलाही. सरकारी आकड्यानुसार या युद्धात आपले १,३८३ जवान ठार झाले, १,६९६ बेपत्ता झाले आणि ३,९६८ कैद झाले.

"पुढं रस्ताच नव्हता." दादाचं ते वाक्य मला इथं सापडलं. जे आमच्या दादाला स्टिअरिंगवर बसून कळलं होतं, ते लखनौच्या कचेरीत बसलेल्या सेनापतीने तीन वर्षं आधी लिहून दिलं होतं. मागं येणं ही त्या कागदात शरम नव्हती, ती योजना होती. ठरवून मागं आला असता तर दादा पुढच्या लढाईचा शिपाई राहिला असता. न ठरवता, मोडतोड होऊन मागं आला, म्हणून तो जन्मभर पळपुटा राहिला. निदान स्वतःच्या मनात तरी.

लढाईनंतर नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतलं. तो कागद त्यांनी तेव्हा पाहिला आणि आपल्याला हा आधी का दाखवला नाही, असं विचारलं. ही हकिगत थोरातांनी स्वतः लिहिलेली आहे. आत्मचरित्र ही एक बाजू असते, हे मी इतिहासाच्या तासाला पोरांना नेहमी सांगायचो, तेव्हा इथंही सांगतो. मेनन यांची बाजू मांडणारेही आहेत. पैसा नव्हता, जगाचं राजकारण वेगळं होतं. आणि समजा नेहरूंनी तो कागद वेळेवर वाचला असता, तर संसदेत उभं राहून, आम्ही तवांगवर लढणार नाही, मागं लढू, असं सांगणं कुठल्या पंतप्रधानाला जमलं असतं? तवांगमधल्या माणसांनी ते ऐकून काय म्हटलं असतं? एक इंचही जमीन देणार नाही, ही घोषणा सोपी. तिच्यापुढे हिशेबाचा कागद फार केविलवाणा दिसतो.

पण मंडळी, उमरठच्या समाधीपुढे उभं राहून मला हेच राहून राहून वाटत होतं की हे आपल्याला नवं का वाटावं? आपण तर याच मुलखातले.

उमरठच्या डोक्यावर जावळीचं रान. पलीकडे प्रतापगड. १६५९ साली अफझलखान आला, तेव्हा महाराज त्याला मोकळ्या मैदानात सामोरे गेले का? मुळीच नाही. ते राजगडाहून प्रतापगडावर येऊन बसले. गोपीनाथपंत बोकील वकील म्हणून वाईला गेले. राजे घाबरलेत, भेट गडाखालीच व्हावी, असं त्यांनी खानाच्या गळी उतरवलं. खान आपली अवजड फौज घेऊन जावळीच्या जंगलात, पार गावाशी उतरला, जिथं हत्ती, घोडी आणि तोफा सगळंच ओझं होतं. १० नोव्हेंबरला जे घडलं ते पोरासोरांनाही पाठ आहे. वाघनखं सगळ्यांना आठवतात. पंतांचं बोलणं आणि लढायची जागा आपण निवडणं, हे कुणी आठवत नाही. त्या दिवशी निम्मी लढाई तिथंच जिंकलेली होती.

आणि खुद्द कोंढाणा! तानाजीला तो परत घ्यावा का लागला? कारण महाराजांनी तो स्वतः देऊन टाकला होता. ११ जून १६६५ चा पुरंदरचा तह. मिर्झाराजे जयसिंगापुढे टिकाव लागत नाही हे दिसल्यावर तेवीस किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख मोगलांना दिला. स्वतःकडे बारा किल्ले आणि लाखाचा मुलूख राखला. त्या तेवीसांत कोंढाणा होता. माणसं वाचवली, वेळ विकत घेतला. पाच वर्षांनी, स्वतःला सोयीची वेळ आल्यावर, एकेक किल्ला परत घेतला. महाराजांना त्या तहाबद्दल आपण पळपुटे म्हणतो का? उलट मुत्सद्दी म्हणतो. तानाजीचं मरण त्या मुत्सद्देगिरीतूनच आलेलं होतं. नीट ठरवलेल्या मोहिमेत, नीट निवडलेल्या रात्री तो पडला. म्हणून ते वाया गेलं नाही, गड आला. नामका चूच्या दरीत जे पडले, ते शौर्यात तानाजीपेक्षा तसूभर कमी नव्हते. पण त्यांच्यासाठी जागा कुणी नीट निवडलीच नव्हती.

मी शाळेत हे दोन धडे लागोपाठ शिकवायचो. पुरंदरचा तह आणि मग सिंहगड. पण दोर कापल्याची गोष्ट रंगवून सांगायचो आणि तहाची कलमं फळ्यावर लिहून पाठ करून घ्यायचो. दोन्हींतला धागा काही पोरांच्या हाती दिला नाही. तो माझ्याच हाती नव्हता, तर देणार कुठून?

पुढचं थोडं सांगून संपवतो. चव्हाणसाहेबांनी संरक्षणमंत्री झाल्यावर नेफातल्या पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांच्याकडून करवून घेतली. तो अहवाल १९६३ साली आला. सरकारने तो अजूनही संपूर्ण प्रसिद्ध केलेला नाही. त्यांनी आणखी एक केलं, ज्याची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही. त्यांच्या पुढाकाराने ११ नोव्हेंबर १९६५ रोजी दिल्लीत संरक्षणविषयक अभ्यासाची एक संस्था सुरू झाली, आय.डी.एस.ए. या नावाने ओळखली जाते ती. फौजी अधिकारी, परराष्ट्र खात्यातली माणसं, प्राध्यापक यांनी एकत्र बसून शेजारच्या देशांचा आणि आपल्या सुरक्षेचा अभ्यास करावा, लिहावं, ही त्यामागची कल्पना. पहिले संचालक मेजर जनरल सोम दत्त, म्हणजे पुन्हा एक निवृत्त फौजीच. २०२० साली त्या संस्थेला मनोहर पर्रीकरांचं नाव दिलं गेलं. कराडच्या माणसाने लावलेल्या झाडाला गोव्याच्या माणसाचं नाव. थोरातांचा कागद आणि ही संस्था यांचा थेट संबंध होता असा माझा दावा नाही. पण असा कागद पुन्हा कुणी लिहिला, तर तो वाचणारं, त्यावर वाद घालणारं एक तरी घर असावं, ही गरज १९६२ नेच शिकवली असणार.

आणि रस्ता? ९ मार्च २०२४ ला से ला खिंडीखालच्या बोगद्याचं उद्घाटन झालं. आता बर्फातही तवांगला गाडी जाते. टीव्हीवर ते चित्र पाहिलं तेव्हा मी बराच वेळ बसून राहिलो. त्या बोगद्यातून दादाची गाडी गेली असती.

थोरात १९९२ साली गेले. त्याआधी, १९८६ मध्ये, त्यांचं आत्मचरित्र 'फ्रॉम रिव्हेली टू रिट्रीट' या नावाने इंग्रजीत आलं होतं. मला ते हाती लागलं ते फार नंतर, एका माजी विद्यार्थ्याने आणून दिलं म्हणून. इंग्रजी माझं बेताचंच, डिक्शनरी शेजारी ठेवून महिनाभर वाचत होतो. लाल किल्ल्याचं प्रकरण वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. उठून दादाच्या फोटोपुढे जाऊन उभा राहिलो. त्याला सांगायचं होतं की तुमच्यासाठी कुणीतरी आधी बोललं होतं रे. तुम्ही परत यावेत, आणि मान वर करून यावेत, म्हणून एका माणसाने सगळा हिशेब मांडून दिला होता. तो कुणी ऐकला नाही, पण त्याने तो मांडला होता.

दादाला ते सांगायचं राहिलं. म्हणून परवा नातीला सांगितलं.

उमरठहून पोलादपूरला येईपर्यंत तिला हे सगळं ऐकवलं, आंबेनळी घाटाकडे बोट दाखवून प्रतापगडही सांगितला. तिने निमूट ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे आजोबा, मी फौजेत गेले आणि वरच्यांना न आवडणारं खरं लिहून दिलं, तर मला बढती मिळणार नाही."

म्हटलं, "कदाचित नाही मिळणार."

"आणि समाधीही नाही होणार."

"तीही नाही."

थोडा वेळ ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "त्या थोरातांचं पुस्तक द्या मला वाचायला."

पुस्तक तिच्या पिशवीत घालून दिलंय. सोबत माझी पेन्सिलीच्या खुणांची वहीही. एन.डी.ए. झालं तर ठीक, नाही झालं तर पुणे विद्यापीठात संरक्षणशास्त्राचा विभाग आहे, तिथं शिकेन म्हणते. मी काही बोललो नाही. पुढच्या चार फेब्रुवारीला पुन्हा उमरठला जायचं मात्र ठरलंय, तेव्हा पुस्तक परत मागेन.

असो. मी काही लष्करी तज्ज्ञ नाही, साधा शाळामास्तर आहे. कुणाच्या घरी १९६२ ला नेफातून किंवा लडाखमधून परतलेलं माणूस असेल, अजून असेल, तर त्याच्याजवळ बसा आणि त्याला बोलतं करा. मी फार उशीर केला.

चूकभूल द्यावी घ्यावी.